पळवत पाहिलेला सत्कार

आमच्या सणसरच्या घरात कुणाला बसायला खुर्ची द्यायची आणि कुणाला सतरंजी, हे माझ्या सासूबाई ठरवतात. जयवंताबाई त्यांचं नाव. मी त्यांना आत्या म्हणते, आमच्याकडे सासूला आत्याच म्हणायची पद्धत. आत्यांच्या नाकावर माशी बसत नाही. लग्नाची पत्रिका कुणी फोनवर पाठवली तर त्यांच्या मते ते बोलावणंच नव्हे. घरी येऊन कुंकू लावून बोलावलं, की गुडघे दुखत असले तरी भर उन्हात जाणार. मी नवी होते तेव्हा वाटायचं, ही बाई काही मला धड जगू देणार नाही. पण मान घ्यायला त्या जशा पुढे, तशा द्यायलाही. गोठा झाडायला येणाऱ्या बाईला सकाळचा पहिला चहा त्या स्वतः नेऊन देतात, आणि तो कान तुटलेल्या कपात दिलेला त्यांना खपत नाही.

फक्त एका माणसाचा मान त्यांनी ठेवला नाही, आणि तो त्यांचा सख्खा, पाठचा भाऊ.

हे मला माझ्याच लग्नात कळलं. आमच्या भागातला लग्नातला सत्कार ज्यानं पाहिला नाही, त्याला तो सांगून पटायचा नाही. अक्षता राहतात बाजूला. कारखान्याच्या संचालकापासून सोसायटीच्या शिपायापर्यंत एकेकाचं नाव माइकवर पुकारायचं, पुढे बोलवायचं, फेटा बांधायचा, नारळ द्यायचा. मुहूर्त टळून जातो, नवरा-नवरी घामानं निथळतात, पण एक नाव गाळायची कुणाची छाती होत नाही. त्या दिवशी वडगाव निंबाळकरचे मानसिंगमामा, म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा, पहिल्या रांगेत बसले होते. प्रत्येक नावाआधी ते डोक्यावरची टोपी सारखी करायचे. शेवटी माइकवाला म्हणाला, "नजरचुकीनं कुणाचं नाव राहिलं असेल तर मानून घ्यावं." मामांनी मान खाली घातली. मग उठले आणि मामाच्या रिवाजाप्रमाणे माझ्या नवऱ्याच्या पाठीशी येऊन उभे राहिले.

नजरचूक नव्हती. कुणाला पुकारायचं ते आत्यांनीच माइकवाल्याला सांगितलं होतं.

माझ्या नवऱ्यानं, इंद्रजितनं, मला नंतर कारण सांगितलं. त्याआधी काही वर्षं मामांच्या मुलाचं लग्न झालं होतं. इंद्रजित परीक्षेमुळे गेला नव्हता. आत्या दिवसभर आत, बायकांच्या गराड्यात. माझे सासरे आबासाहेब म्हणजे त्या घरचे जावई. त्यांना फेटा मिळायलाच हवा. पण सासरे घरी आले ते बोडक्यानं. आत्यांच्या मनात पाल चुकचुकली. तरी विचारलं नाही, अपमान झालाच असेल तर जखमेवर मीठ कशाला चोळा म्हणून. आणि सासरे पडले अबोल. मानपान त्यांच्या लेखी रिकामटेकड्यांचा उद्योग. पुढे महिन्याभरातच उसाला पाणी देताना छातीत कळ येऊन ते बांधावरच गेले. विचारायचं राहून गेलं.

लग्नाची सीडी त्यानंतर आली. गेलेलं माणूस दिसेल म्हणून आत्या रिमोट हातात घेऊन टीव्हीसमोर बसल्या. सत्कार मारुतीच्या शेपटासारखा लांबलेला. सत्कार सुरू होतोय असं दिसताच त्यांनी पळवायचं बटण दाबलं. त्या प्लेअरवर चित्र पळायचं नाही, उड्या मारायचं. पडदाभर चौकोन चौकोन, मध्येच कुणाचं डोकं, मध्येच कुणाचा नारळ. संचालक दिसले, सरपंच दिसले, बँडवाल्यांचा म्होरक्यासुद्धा फेटा बांधून घेताना दिसला. आबासाहेब दिसले नाहीत.

"नवऱ्याला मान न्हाय, त्या घरात मला पाणी न्हाय," म्हणून आत्यांनी ती सीडी ट्रंकेच्या तळाशी टाकली आणि माहेर तोडलं. इंद्रजित म्हणत होता, आई, पुन्हा एकदा नीट बघू. "एकदा जळले तेवढं बास," हे उत्तर. भाऊबीजेला मामा साडी घेऊन यायचे, तेव्हा आत्या मागच्या दारानं रानात निघून जायच्या. मामा ओट्यावर बसायचे, साडी ठेवायचे आणि जायचे. ती साडी पुढे कुणाच्या तरी हाती वडगावला परत. कारण त्यांनी भावाला कधी सांगितलं नाही. समजायचं त्यानं, असं त्यांचं म्हणणं.

आमच्या भिंतीवरचा सासऱ्यांचा फोटो एका ओळखपत्रावरून मोठा केलेला आहे. त्यात चेहऱ्यापेक्षा शिक्का जास्त दिसतो. मी त्यांना जिवंत पाहिलेलं नाही, त्यामुळे त्या फोटोचा मला फार राग. यंदा पुण्यतिथीच्या आधी मी आत्यांना म्हटलं, त्या सीडीत कुठं तरी चांगला चेहरा असेल, जेवणाच्या पंगतीत, मांडवात, तो काढून घेऊ. दोन दिवस धुसफुसल्या, मग स्वतःच ट्रंक उघडली. "फोटू मी निवडणार," म्हणाल्या.

बारामतीजवळ जळोचीत धम्मदीप नावाच्या मुलाचं दुकान आहे. जुन्या सीड्या, कॅसेट तो पेनड्राइव्हवर उतरवून देतो. त्यानं सीडी पुसली, दुसऱ्या यंत्रात घालून ती संगणकावर उतरवून घेतली आणि लावली. वरात पळवायला लागला तशी मी बघतच राहिले. चौकोन नाहीत, उड्या नाहीत. माणसं मुंगळ्यांसारखी लगबगत होती, पण प्रत्येकाचा चेहरा स्वच्छ.

"आमच्या घरी पळवलं तर असं दिसायचं नाही," मी म्हटलं.

"जुने प्लेअर पळवताना मधली चित्रं गाळायचे, ताई. इथं गाळत नाही, नुसतं लवकर दाखवतो."

तेवढ्यात मांडवात माइक दिसला. आत्या म्हणाल्या, "हे सत्काराचं असंच पळू द्या. त्यात आमचं माणूस न्हाय."

त्या हे म्हणत असतानाच पडद्यावर एक उंच माणूस बोडक्या डोक्यानं पुढे आला. सगळ्यांत पहिला. संचालकांच्याही आधी. तरुण दिसणाऱ्या मानसिंगमामांनी भराभर त्याला फेटा बांधला, वाकून पाया पडले, नारळ दिला. माझ्या नवऱ्याचं कपाळ, माझ्या नवऱ्याचं नाक. मी सासऱ्यांना पहिल्यांदाच नीट बघत होते.

"थांबा," आत्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "माघारी घ्या. आवाज लावा."

धम्मदीपनं ते साध्या वेगानं लावलं. माइकवर मामांचाच आवाज होता. "सगळ्यांत पयला मान आमच्या दाजींचा. सणसरचे आबासाहेब, त्यांनी पुढं यावं. दाजी आल्याबिगर मी कुणालाबी फेटा बांधायचो न्हाय." मांडवात हशा पिकला. सासरे लाजत आले, फेटा बांधून घेतला, मांडवाच्या कडेपर्यंत गेले आणि तिथं उभ्या असलेल्या आमचा ट्रॅक्टर चालवणाऱ्या बिरूच्या डोक्यावर त्यांनी तो काढून ठेवला. बिरू हसत होता. पुढच्या हंगामाआधीच तो काम सोडून गेला, असं इंद्रजित सांगतो.

पहिला मान होता म्हणूनच तो पहिल्या उडीत गेला होता. आत्यांनी बटण दाबलं आणि चित्र थेट संचालकांवर जाऊन पडलं होतं.

आत्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला. त्या रडत नव्हत्या. तोंड लपवत होत्या, माझ्यापासून आणि त्या परक्या मुलापासून. एवढी ताठ बाई खुर्चीत आक्रसून एवढीशी झाली. मला वाटलं होतं, त्यांना एकदा खाली बघायला लागलेलं पाहून मला बरं वाटेल. सुनेचं मन ते. पण माझ्याच कानशिलात कुणी तरी मारल्यासारखं झालं. माझ्या डोळ्यांसमोर पहिल्या रांगेतले मामा होते, दर नावाआधी टोपी सारखी करणारे.

"रिमोट माझ्याच हातात हुता," पदराआडून आवाज आला. "अन् तुझ्या लग्नात मी त्याला भर मांडवात..."

धम्मदीपनं हळूच विचारलं, फोटो कुठला काढू. सासऱ्यांचा एकट्याचा, हसरा चेहरा मी दाखवला. आत्यांनी नाही म्हणून मान हलवली. "पाया पडतोय तो काढा. दोघंबी येऊ द्या. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू दे."

बारामतीच्या स्टँडवर मला वाटलं, आता सणसरला घरी जायचं. आत्या पेठेत शिरल्या, फेट्याचं केशरी कापड घेतलं आणि वडगाववरून नीरेकडे जाणाऱ्या एसटीत जाऊन बसल्या. सबंध रस्ता त्या एकच वाक्य पुटपुटत होत्या. "काय तोंड दाखवू?" एकदा तर मध्येच उतरू म्हणाल्या. मी हात धरून बसवलं.

वडगावला मामा दारात बाजेवर बसले होते. फार थकलेत. बहिणीला फाटकात पाहून त्यांना आधी खरंच वाटेना. "आक्का?" म्हणत उठायची धडपड करायला लागले. "ये की आत. आगं, माझं काय चुकलं हुतं, तेवढं तरी सांग. लई दिवस इचार केला, मला घावलंच न्हाय."

आत्या फाटकातच उभ्या राहिल्या. "तुझं काय न्हाय चुकलं. मी पळवत बघितलं," त्या म्हणाल्या. मामांना त्यातलं काही कळलं नाही. "बस तू. नाव पुकारल्याबिगर उठू नगंस."

आणि माइकवाल्यासारखा खणखणीत आवाज काढायला गेल्या, तो मध्येच चिरकला. "वडगाव निंबाळकरचे मानसिंगराव! नवरदेवाचे सख्खे मामा! त्यांनी फेट्यासाठी पुढं यावं!"

शेजारच्या बायका दारात आल्या. मामांच्या सुना ओसरीत येऊन थांबल्या. समोरच्या दुकानातली माणसं वळून बघायला लागली. आत्यांचा चेहरा तांबडालाल झाला, पण त्यांनी पुन्हा तेच नाव, तसंच पुकारलं.

"आक्का, हळू," मामा कावरेबावरे होऊन म्हणाले. "लोकं ऐकत्यात."

"ऐकू देत. तुझं नाव गाळलं, तवाबी सगळी बसून ऐकतच हुती."

मामांनी सवयीनं टोपी सारखी केली. मग ती काढून बाजेवर ठेवली, आणि पुढे आले.