साहेब बाहेर, आत कोण?

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात सगळे तिला डिक्शनरीबाई म्हणायचे. इंग्रजी कागद मराठीत आणायचे ही तिची नोकरी आणि शब्दांची मुळं खणत बसायची ही तिची खोड. नवरा वैतागायचा, “भाजी करपली तरी चालेल, हिचा शब्द शिजला पाहिजे!”

कटिंग मशीनवर ऑपरेटरची दोन बोटं गेली आणि चौकशी समिती बसली. मशीनची सुरक्षेची जाळी मॅनेजरनेच काढायला लावली होती. जाळीमुळे माल हळू निघतो, असं तो खेकसला तेव्हा बाई दारातच उभी होती. समितीने मात्र तिला काही विचारलंच नाही. इंग्रजी अहवाल आला. त्यात मॅनेजरबद्दल एक शब्द होता: एक्सकल्पेट.

“निर्दोष लिहून टाका,” मॅनेजर बिस्किटामधलं क्रीम चाटत म्हणाला. दारात ऐकलेलं ते खेकसणं बाईला आठवलं. तरी तिने लिहिलं. अर्थ तोच होता ना!

संध्याकाळी ऑपरेटर बायकोला घेऊन बाईच्या टेबलाशी आला. हात अजून बँडेजमध्येच होता.

“ताई, अहवालात साहेबांबद्दल जो इंग्रजी शब्द आहे, तो म्हणजे नेमकं काय हो?”

“मूळ लॅटिन आहे. कल्पा म्हणजे दोष, एक्स म्हणजे बाहेर. माणसाला दोषातून बाहेर काढायचं.”

“साहेबांना बाहेर काढलं,” बायको म्हणाली. “मग आत कोण राहिलं?”

बाईने पुढचं पान वाचून दाखवलं: अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झाला.

ऑपरेटर नुसताच हसला. ते हसू बाईला बघवेना. स्वतःच्या टापटीप टाइप केलेल्या कागदाचीही तिला शिसारी आली. ती तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरली.

“जाळी कोणी काढायला लावली, ते मी ऐकलंय.”

“बाई, तुम्ही भाषांतर करा. साक्ष कोणी मागितली?”

“शी! तुमचं उष्टं मी माझ्या भाषेत वाढणार नाही.”

तिने नोकरी सोडली आणि ऑपरेटरने कामगार न्यायालयात लावलेल्या दाव्यात साक्ष दिली. तारखांवर तारखा पडल्या, पण शेवटी दोष कारखान्याच्या पदरात पडला आणि ऑपरेटरला भरपाई मिळाली.

मॅनेजरची दुसऱ्या शाखेत बदली झाली, तीही बढतीवर. ही बातमी नवऱ्याने जेवताना सांगितली. बाई ताटावरून उठली, मोरीत जाऊन खळखळून चूळ भरली आणि पुन्हा काही जेवली नाही.