सणसवाडीतली विलायत

माझा स्वभाव फटकळ आहे, हे आमच्या सणसवाडीत कुणालाही विचारा. पुढं किराणा दुकान, त्यातच एसटीडीचं बूथ, मागं भाड्याच्या खोल्या आणि खोल्यांमध्ये कंपन्यांत राबायला आलेली देशभरची माणसं. एवढा पसारा गोड बोलून सांभाळता येत नाही. दोन हजार तीनच्या ऑगस्टात हनुमंत खोली मागायला आला, तेव्हा मी आधी त्याची बॅग पाहिली आणि मग त्याला. बॅग कोरी, चाकांची, त्याला ओढता ओढवेना अशी. आणि पोराच्या कानामागं गुलाल.

"निवडून आलास का पडलास?" मी विचारलं.

तो हसला नाही. म्हणाला, "ताई, मी इंग्लंडला गेलोय."

पोरगं डोक्यानं गेलंय, असंच मला वाटलं. पण खोली रिकामी होती आणि डोळे चोराचे नव्हते. पाणी दिलं, तेव्हा त्यानं सगळं सांगितलं.

हनुमंत दौंड तालुक्यातल्या राहू गावचा. घर धनगराचं. आजा-पणजा मेंढरांमागं फिरले, बाप म्हस्कू शेतीवर स्थिरावला, आणि हा एकुलता एक पोरगा शेतकी कॉलेजातून बाहेर पडून मेंढ्यांच्या पैदाशीचं पुढचं शिक्षण घ्यायला इंग्लंडला निघाला होता. "बापजाद्यांनी राखली तीच मेंढरं शिकायला इमानानं जायचं व्हय!" म्हणून गाव आधी पोट धरून हसलं आणि मग अभिमानानं फुगलं. सोसायटीचे चेअरमन मच्छिंद्रआप्पा यांनी सत्कार ठरवून टाकला. हनुमंत सांगत होता की प्रवेश मिळालाय, पण व्हिसा अजून नाही, मुंबईला मुलाखत व्हायची आहे. आप्पा म्हणाले, "व्हिसा कुठं पळून जातोय? मंडपवाला त्याच दिवशी मोकळा हाय."

आमच्याकडं हे असंच. बारशाआधी पेढे वाटायची हौस. शाल झाली, श्रीफळ झालं, गुलाल उधळला, ताशा वाजला, चौकात 'परदेशगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन' असं कापड लागलं. आई सगुणाबाईनं हातावर दही घातलं आणि शिवेपर्यंत मागं वळून बघू नको म्हणून बजावलं. पोरगा मुंबईला गेला आणि मुलाखतीत साहेबानं व्हिसा नाकारला.

विद्यापीठ चांगलं म्हणायचं. त्यांनी जानेवारीच्या वर्गात घेतो म्हणून कळवलं. कागद नव्यानं जमवून पुन्हा अर्ज करायचा होता. पण तोवर राहायचं कुठं? धनगराच्या घरातून वाटेला लावलेला माणूस काम झाल्याशिवाय माघारी फिरत नाही. अर्ध्या वाटेतनं परतला तर घराला अपशकुन, असं त्यांच्यात मानतात. त्यात चौकात लागलेलं ते कापड. त्यानं पोचल्याचा फोन मुंबईतूनच करून टाकला होता.

"दुसऱ्यांदाही नाही मिळाला तर?" मी विचारलं.

"मग मला गाव न्हाई," तो म्हणाला.

तो जवळच्या कंपनीत हेल्पर म्हणून लागला. मनगटातलं घड्याळ त्यानं इंग्लंडच्या वेळेला लावून ठेवलं होतं, फोनवर चूक व्हायला नको म्हणून. त्यामुळं रोज कामावर जाताना माझ्या दुकानातलं घड्याळ बघायचा. बाकीच्या खोल्यांत संध्याकाळी पत्ते चालत, कुणी मटण शिजवी, कुणी भांडत बसे. हा दार लावून इंग्रजी बोलत बसायचा. प्रश्न तोच विचारायचा आणि उत्तरही तोच द्यायचा. जेवलास का, असं विचारणारं त्याला माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मीही ते ओरडूनच विचारायची. अधूनमधून बॅग ओढत दुकानात आणून माझ्या काट्यावर ठेवायचा. विमानात ठरल्यापेक्षा जास्त वजन चालत नाही म्हणे. एकदा आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी निघाली, एकदा पुस्तकं. बापाचं घोंगडं मात्र काढायचा, पुन्हा घालायचा.

"राहू दे की ते घोंगडं," मी वैतागून म्हणाले.

"ते तर ठेवायचंच हाय, ताई. दुसरं काय काढू ते सुचंना."

रविवारी दुपारी तो बूथमधून फोन लावायचा. त्याच्या घरी फोन नव्हता. आप्पांच्या ओसरीवर होता, तोही स्पीकरचा. हनुमंतचा फोन म्हटलं की निम्मी आळी तिथं जमायची. विलायत लांब, म्हणून सगळे घसा फोडून बोलत, आणि माझ्या बूथचं दार नीट लागत नसल्यानं मला घरबसल्या राहू ऐकू येई. बाप म्हस्कू बोलत नसे, नुसता खाकरायचा. सगुणाबाई सगळ्यांत मोठ्यानं ओरडायची.

"हनम्या, तिकडं दिस उगावला का रं?"

"आत्ताच उगावला, आई."

"मेंढरं कशी हायत तिथली?"

"थोराड हायत. तोंडं काळी."

त्यानं ती पुस्तकातल्या चित्रांत पाहिली होती. एकदा बोलता बोलता जवळच्या कंपनीचा भोंगा वाजला. दौंडकडच्या माणसाला भोंगा म्हणजे पाटसचा साखर कारखाना. सगुणाबाई ओरडली, "ह्यो कसला भोंगा रं?" हनुमंतनं भोंगा थांबेस्तोवर रिसीव्हरवर हात ठेवला आणि मग म्हणाला, "तिकडं... इथं पण कारखाने हायत, आई." त्यानंतर ती नुसतं बरं म्हणाली.

दिवाळीनंतरची गोष्ट. दुकानासमोर जीप थांबली आणि पांढऱ्या कपड्यांतला एक गृहस्थ थंड प्यायला उतरला. हनुमंत गव्हाची पोती रचून देत होता. तो मटकन पोत्यांमागं बसला, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हेच ते मच्छिंद्रआप्पा. बाटली रिकामी होईस्तोवर त्यांनी आपल्या गावचा पोरगा लंडनला कसा शिकतो ते सांगितलं.

"पण आईचा जीव बघा," ते म्हणाले. "पोरगा गेल्यापास्नं पायात चप्पल न्हाई तिच्या. सुखरूप माघारी येईस्तोवर घालायची न्हाई म्हनती. उसाच्या फडात अनवाणी जाती. टाच चिरली, पू झाला, पर ऐकत न्हाई."

जीप गेली. हनुमंत पोत्यांमागून उठेना. जाऊन पाहिलं तर गुडघ्यात डोकं घालून हुंदके आवरत होता.

मला राग आवरत नाही. "अरे, दीड तासाचा रस्ता आहे! जा आणि आईच्या पाया पड. चार लोक हसतील, हसू दे. हसणाऱ्यांच्या टाचा चिरल्यात का?"

"जाईन," तो म्हणाला. पिशवी घेऊन स्टँडवर गेलाही. मी सुटले म्हटलं. एसटी आली, थांबली, निघून गेली, आणि हा तिथंच उभा. परत येऊन म्हणाला, "मी माघारी गेलो आन् व्हिसा आलाच न्हाई, तर तिनं एवढं अनवाणी चालल्याचं काय, ताई?" मी त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि आत नेऊन ठेवली.

डिसेंबर संपता संपता व्हिसा आला. साऱ्या सणसवाडीत आनंद झालेली माणसं दोन, तो आणि मी. मी पेढे आणले, आम्ही एकेक खाल्ला आणि उरलेले खोल्यांमध्ये वाटले. कशाचे पेढे, हे कुणी विचारलं नाही.

जायच्या दिवशी तो शर्ट इस्त्री करून दुकानाच्या पायरीवर बसला. ताशा नाही, शाल नाही, गर्दी नाही. त्याला सोडायला येणारं सगळं गाव ऑगस्टातच सोडून मोकळं झालं होतं. मी फ्रिजमधून दही काढलं. तो म्हणाला, "नको ताई. आईनं दिलंय. दोनदा घेत न्हाईत." मी वाटी तशीच आत ठेवली.

मग त्यानं फोन लावला. रविवार नव्हता, तरी ओसरी भरली. तो काय बोलणार? निघालोय म्हणता येत नव्हतं. बरा हाय म्हणाला. अभ्यास चाललाय म्हणाला. थंडी हाय म्हणाला. बाप खाकरला. मग आई बोलायला आली असावी, कारण हा एकदम ताठ झाला. पण मला काही ऐकू येईना. इतके महिने घसा फोडून ओरडणारी बाई त्या दिवशी हळू बोलत होती, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं इतकी हळू.

हनुमंत रिसीव्हर कानाशी गच्च धरून माझ्या कॅलेंडरकडं बघत राहिला. तेवढ्यात आप्पांचं मोठं हसू बूथच्या बाहेर आलं.

"ऐकलं का रं हनुमंता? तुझी आई म्हनती, नीट जा, आन् पोचलास की फोन कर! आगं सगुणा, पोरगं पोचून चार महिनं झालं की!"

ओसरी हसली. हनुमंतनं मान हलवली, फोनवर ते दिसत नाही हे विसरून, आणि म्हणाला, "करतो, आई."