मामांचं गोखरू

माणसाला सर्दी होऊ नये म्हणून सर्दीपेक्षा जास्त छळणारा माणूस उभ्या सोलापुरात एकच, आणि ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. सांगोल्याकडच्या मेंढपाळांच्या घरातले, पण हयात गेली शाळेत विज्ञान शिकवण्यात. निवृत्त झाले तरी शिकवणं थांबलं नाही. फक्त आमची सुटका करणारी घंटा तेवढी गेली. शुक्रवार पेठेत कुणी शिंकलं की मामा खिशातून पुडी काढतात आणि मेंढरांच्या लोकरीत अडकतं तसलं काटेरी गोखरू समोरच्याच्या अंगावर चिकटवतात. "फ्लूच्या विषाणूच्या अंगावर असलंच प्रथिन असतंय. काटा वर घशात अडकला, की खोकल्यासरशी दुसऱ्याकडं. खोल फुप्फुसात अडकला, की माणूस आडवा, पर पसरायला अवघड. आन् दरसाली काटा जरा बदलतोय, मग शरीर त्याला वळखत न्हाय." लग्नाच्या पंगतीत, न्हाव्याच्या दुकानात, हे ऐकून ऐकून मी थकलोय. माझ्या स्वेटरला भोकं पडलीत.

त्यांचा खरा राग आजाऱ्याला बघायला जाणाऱ्यांवर. आपल्याकडे कुणाला ताप आला की दुपारपर्यंत घर भरतं, आणि माणसं पलंगावरच बसून गप्पा मारतात. सासूबाईंना फ्लू झाला तेव्हा मामा दारात खुर्ची टाकून बसले आणि करकंबहून दोन एसट्या बदलून आलेल्या माझ्या वडिलांना पायरीवरूनच परत पाठवलं. केळी मात्र ठेवून घेतली. वडील अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मामांनाच फ्लू झाला. मामी गेल्यापासून ते एकटेच असतात. पेठ शहाणी झालेली. लोक पायरीवर डबा ठेवत, कडी वाजवत आणि निघून जात. चौथ्या दिवशी मी तोंडाला मास्क लावून गेलो. मामा खिडकीपाशी शाल गुंडाळून बसले होते.

"कुणी आलं न्हाय की," ते म्हणाले.

"तुम्हीच शिकवलंत ना, मामा."

"व्हय. बरोबर हाय त्यांचं." मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "पर जावईबापू, लांबनं दोन शब्द बोलाया काय हरकत न्हवती. शब्दाला काय काटं असत्यात?"

मी पायरीवर, त्यांच्या हिशोबाने पुरेसा लांब बसलो आणि म्हणालो, "मामा, ते गोखरूचं परत एकदा सांगा. मला नीट कळलं नव्हतं."

त्यांनी खोकला आवरला, शाल सारखी केली आणि अगदी पहिल्यापासून सुरुवात केली.