भोंग्याचा रणघोष

स्टुडिओत त्याला सगळे भोंगा म्हणत. घरीही तेच नाव रुळलं होतं. बायको म्हणायची, "यांना फोन कशाला घेऊन दिला कुणास ठाऊक, खिडकी उघडली की काम भागतं."

सिनेमांच्या डबिंगमध्ये गर्दीचे आवाज काढणाऱ्यांत तो ओरडायचा. लढाईचा प्रसंग आला की संवादाच्या कागदावर एकच शब्द असायचा: रणघोष. काय ओरडायचं ते कुणी लिहीत नसे. भोंगा हेडफोन चढवायचा, माइकपासून मागे सरकायचा आणि पोटातून अशी आरोळी काढायचा की काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टची आवाज कमी करताना तारांबळ उडायची. शत्रूच्या उरात धडकी भरवायची, एवढाच त्या शब्दाचा अर्थ त्याला माहीत होता. त्यावर त्याची चूल पेटत होती.

मग खरीखुरी लढाई सुरू झाली. त्याचा धाकटा भाऊ, ज्याला त्याने बापाच्या मागे वाढवलं होतं, तिकडे गेला आणि डाव्या कानाने ठार बहिरा होऊन परतला. कुठेही बसला तरी पाठ भिंतीला टेकवूनच.

एका दुपारी जेवताना टीव्हीवर भोंग्याच्या आरोळीचा सिनेमा लागला. भावाने उठून टीव्ही बंद केला.

भोंगा त्याच्या उजव्या बाजूला सरकला. "का रे, आवडलं नाही?"

"दादा, असं कुणी ओरडत नाही."

"मग कसं ओरडता?"

भाऊ पुन्हा ताटावर येऊन बसला. "शत्रूला कुठलं ऐकू येतंय त्या गदारोळात? आम्ही ओरडतो ते एकमेकांसाठी. शेजारचा ओरडला म्हणजे तो अजून आहे." मग हळूच म्हणाला, "शेवटी मी एकटाच ओरडत होतो. मला वाटलं, कान गेला म्हणून ऐकू येत नसेल."



पुढच्याच आठवड्यात कागदावर पुन्हा तो शब्द आला. त्याने तोंड उघडलं, पण निघाली ती गर्दीत चुकलेल्या माणसाला मारतात तशी हाक. दिग्दर्शकाने रेकॉर्डिंग थांबवलं.

"भोंग्या, बोलावू नकोस रे कुणाला. अंगावर धावून जा."

त्याने पुन्हा केलं, पुन्हा तेच झालं. शेवटी दिग्दर्शकाने दुसऱ्या एकाला पुढे बोलावलं आणि भोंग्याला मागच्या रांगेत उभं केलं. त्या सिनेमातला रणघोष त्या दुसऱ्याचा आहे. भोंगा आता बाजाराचा आणि स्टेशनचा गलका करतो. कामं निम्म्यावर आली आहेत.

रेकॉर्डिंगच्या त्या दिवशी तो लवकर घरी आला, तेव्हा भावाने कारण विचारलं.

"घसा बसलाय," भोंगा म्हणाला.

बोलताना त्याचा आवाज अगदी खणखणीत होता. भावाने आत जाऊन कोमट पाणी आणलं, आणि भोंग्याने ते संपवेपर्यंत तिथेच उभा राहिला.