गिनना क्या है?

आमच्या तुलसी नगरातले स्टेशनरीवाले मोजणीचं यंत्र विकण्याआधी विचारतात, “गिनना क्या है?” जपाला बोटात घालायचं देतात, लग्नातले पाहुणे मोजायला स्टीलचं. गिऱ्हाइकाला उत्तर देता आलं नाही तर काहीच देत नाहीत.

नातवंडांनो, तुमच्या आईच्या ऑपरेशनसाठी मी महादेवाला लाख बेलपानं वाहण्याचा नवस केला होता. ते ऐकून दुकानदारांनी माझ्या हातातलं यंत्र काढून घेतलं. “आंटी, इसमें चार ही नंबर आते हैं. दस हज़ार पे फिर ज़ीरो.” मग सहा आकड्यांचं शोधून दिलं.

ऑपरेशन नीट झालं, लाख पानंही वाहून झाली, म्हणून मी त्यांना पेढे नेले. पेढा हातात धरूनच त्यांनी विचारलं, “गिनते वक़्त किसी से बात तो नहीं की?”

मी आणखी एक पेढा पुढे केला. केल्या होत्या गप्पा. तुमच्या आईशी, फोनवर, रोज.