वाघीचा खडा आणि गडग्यापलीकडचं ताट

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि बोट ठेवलं. चिंचोक्याएवढा पांढरा डाग होता. "ब्लॅडर स्टोन," ते म्हणाले. म्हणजे मूत्राशयातला खडा. माणसांना मुतखडा होतो हे ठाऊक होतं. कुत्रीलाही होतो हे मला महाडच्या त्या दवाखान्यात कळलं, वाघीचे पुढचे पाय टेबलावर दाबून उभी असताना.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या अंगाला. नवरा एमआयडीसीत पाळीवर जातो, मी घरी ब्लाऊज शिवते, आणि शेळ्या वाघी राखते. रानात बिबट्याचा वावर आहे. वाघी बरोबर असली की शेळ्या निवांत चरतात आणि मी निवांत शिवते. तिला काही झालं तर ही दोन्ही कामं बसली असती. पण खरं सांगायचं तर मला कामाचं काही सुचलंच नाही. मला ती हवी होती, एवढंच.

लक्षणं आधीपासून होती. दर चार पावलांवर बसायची, थेंब टाकायची, उठायची, पुन्हा बसायची. मग एक दिवस अंगणात गुलाबी डाग दिसला. मी म्हटलं, माजावर आली असेल. आमच्याकडे कुत्रीच्या बाबतीत रक्त दिसलं की पहिलं हेच मनात येतं. तुमच्या कुत्रीचं असं काही दिसलं तर अंदाज बांधत बसू नका, दवाखान्यात न्या. लघवी तपासायला फार वेळ लागत नाही.

आमची युरिन टेस्ट झाली, म्हणजे लघवीची तपासणी. बाकड्यावर बसून रिपोर्टची वाट पाहताना मी वाघीच्या गळ्यातली दोरी इतकी पिळली की शेवटी शेजारच्या बाईने ती माझ्या हातातून काढून घेतली. लघवीत इन्फेक्शन निघालं. डॉक्टर म्हणाले, "हा बहुधा स्ट्रुव्हाइट जातीचा खडा आहे. इन्फेक्शनमुळे होतो आणि इन्फेक्शन गेलं, खाणं सुधारलं, तर विरघळू शकतो. दुसऱ्या जातीचा निघाला तर ऑपरेशन करून काढावा लागेल. आणि एक लक्षात ठेवा. लघवी पूर्ण बंद झाली, पोट फुगलं, तर उद्यावर टाकायचं नाही. निघून यायचं."

माझ्या डोक्यात बाकीचं काही राहिलं नाही. पूर्ण बंद झाली तर, हे मात्र पक्कं बसलं.

गोळ्या लिहून दिल्या, त्या मधेच न सोडता पुऱ्या करायच्या. मग प्रिस्क्रिप्शन डाएट, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं आजारी कुत्र्यांचं तयार खाणं. पिशवीची किंमत ऐकली आणि मी विचारलं, "दुसरं काय देता येईल?" डॉक्टर हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. म्हणाले, "ते सर्वांत चांगलं. जमत नसेल तर घरचं करू, पण मी सांगतो तसंच करायचं आणि तपासणी चुकवायची नाही. तुम्ही तिला घालता काय?"

मी सांगितलं. भात आणि सुकट.

"सुकट बंद," ते म्हणाले. सुकी मासळी खारी असते, त्यात क्षारही फार, या खड्याला नेमके तेच लागतात. मऊ भात, त्यात भरपूर पाणी, उकडलेलं अंडं, दुधी किंवा लाल भोपळा, परवडेल तेव्हा बिनमिठाची कोंबडी, हाडं काढून. कांदा-लसूण नाही. पाणी जितकं पोटात जाईल तितकं चांगलं, आणि लघवीला तिला वारंवार बाहेर जाता यायला हवं. हा शेवटचा भाग मी ऐकला, पण तो कानावरूनच गेला.

घरी आले तर वाडीतल्या निम्म्या लोकांकडे औषध तयार होतं. कुणी म्हणालं कुळथाचं कढण दे, कुणी म्हणालं पानफुटीचा रस. कुळथाचं कढण मी केलंही, चांगली लसणीची फोडणी घालून. वाघीला पाजायच्या आधी नशिबाने डॉक्टरांना फोन केला. ते फोनवरच ओरडले. कढण मी आणि नवऱ्याने भाताबरोबर खाल्लं.

वाघीचं जेवण मला परवडलं. दुधी परसातला, अंडी घरच्या कोंबड्यांची, कणीचा भात. अडचण वेगळीच होती. आमच्या वाडीत कुत्रं एका घरचं नसतं. नाव आमचं, पण वाघी सकाळी रानात जाण्याआधी एका दारात, दुपारी शेळ्या परतल्या की दुसऱ्या दारात. कुणी भाकरीचा तुकडा, कुणी माशाची डोकी. मी इकडे दुधी शिजवणार आणि ती तिकडे सुकट खाऊन तोंड पुसत येणार.

म्हणून मी तिला बांधली. जन्मात न बांधलेली कुत्री पडवीच्या खांबाला बांधली आणि स्वतःवर खूश झाले. रानात शेळ्यांमागे मी जायला लागले. पाणीदार भात ती निमूट खायची. लघवीला मात्र दिवसभर बसायची नाही. मी दोरी धरून अंगणात फिरवायची, ती माझ्याकडे बघत उभी राहायची. मी मशिनवर बसायची, दोन टाके मारायची, उठून बघायची. पडवी कोरडी. पुन्हा बसायची. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजला मी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. नवरा म्हणाला, "तिच्यापेक्षा तूच जास्त येरझाऱ्या घालतेस."

पुढच्या तपासणीत लघवी गडद, उग्र वासाची निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसातून किती वेळा जाते?" मी म्हटलं, सकाळी शेळ्या सोडताना आणि संध्याकाळी. त्यांनी चष्मा काढला. "बाई, मोकळ्या कुत्रीला तुम्ही बांधलंत. ती राहत्या जागी घाण करणार नाही, धरून ठेवणार. साचलेल्या लघवीत खडा वाढतो. तुम्ही पाणी पाजताय आणि वर झाकण लावताय."

परतीच्या रिक्षात मला रडू आलं. सोडली तर खारं खाणार, बांधली तर धरून ठेवणार. मग काय करायचं माणसाने?

सोडलीच. आणि दारोदार फिरले. वाडीत कुणाला "आमच्या कुत्रीला घालू नका" म्हणणं सोपं नसतं, तुमचं अन्न वाईट असं म्हटल्यासारखं होतं. दोन घरांनी तोंड वाकडं केलं, पण ऐकलं. राहिलं फक्त पारूकाकीचं घर.

पारूकाकी आमची शेजारीण, मधे फक्त दगडांचा गडगा. तो गडगा कुणी कुणाच्या बाजूला सरकवला यावरून आमचं कित्येक वर्षं बोलणं बंद. ती विहिरीवर आली की मी कळशी उचलायची, मी आले की ती. आणि दोरी सोडल्यावर वाघी पहिली धावली ती तिथेच. परत आली तेव्हा तोंडाला सुकटीचा वास.

मी तणतणत गेले. काकी जेवायला बसली होती. वाघी तिच्या ताटासमोर.

"काकी, तिला सुकट घालू नको. मरंल ती."

काकीने माझ्याकडे न बघता विचारलं, "मंग काय घालू?"

"काहीच नको घालू."

तेव्हा तिने मान वर केली. "पोरं मुंबईला. घरात मी एकटी. एकटीला घास उतरत नाय गो. ती म्होरं बसते म्हणून मी जेवते. तू तिला बांधलीस, मी चार दिवस चायवर काढले. तुला काय ठावं?"

मी भांडायला गेले होते. तयारीनिशी गेले होते. तशीच मागे फिरले.

घरी येऊन वाघीचा भात टोपात ओतला, अंडं कुस्करलं, आणि टोप गडग्यावर ठेवला. "दुपारचं तूच घाल," म्हटलं. "पण हेच."

काकीने टोप उचलला. बोट बुडवून चाखलं. "मीठ नाय ह्यात."

"नसतंच."

"बिचारी," काकी म्हणाली, आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी मशिनवर असताना गडग्यापलीकडून हाक आली. "मंगल गो! मुतली! बांधावर! धार बरी होती!"

मी दचकले आणि मग हसत सुटले. त्यानंतर रोजचंच झालं. बांधावर, पाणंदीत, आंब्याखाली. काकी सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडायची आणि मी आतून "बरं" म्हणायची. हळूहळू बाकीच्यांनीही सुरू केलं. रानातून येणारा माणूसही सांगून जायचा, वाघी वरच्या माळावर बसली होती, रक्त नव्हतं. डॉक्टर विचारायचे तेव्हा माझ्याकडे उत्तर असायचं.

शेवटचा एक्स-रे झाला त्या दिवशी मी बाकड्यावर बसलेच नाही, दवाखान्याच्या दारात उभी राहिले. डॉक्टरांनी तो पुन्हा खिडकीत धरला. "बघा तुम्हीच." मी शोधला. नव्हता. "खाणं असंच ठेवा, तपासणीला येत राहा," ते म्हणाले. "पुन्हा होऊ शकतो." मी डॉक्टरांच्या पाया पडायला वाकले, ते मागे सरकले आणि वाघीच्या शेपटीवर त्यांचा पाय पडता पडता राहिला.

घरी आल्यावर गडग्यावरून काकीला सांगितलं. ती "बरं झालं" म्हणाली आणि भांडी घासायला वळली.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी हाक आली नाही. मी टाके मारत होते आणि कान तिकडे. काही झालं तर नाही ना? पूर्ण बंद तर नाही झाली? धागा तुटला, मी उठले आणि गडगा ओलांडून गेले. वाघी काकीच्या उंबऱ्यावर आडवी पसरली होती, टोप चाटून पुसून साफ.

"काकी, आज ओरडली नाहीस?"

"डागतर बोलला ना, बरी झाली. आता कशाला ओरडू? उगीच तुला तरास."

ती चुलीशी बसली होती. ताट वाढून ठेवलेलं, हात लावलेला नव्हता. मला निघता येईना. इतक्या वर्षांत तिच्याशी कुत्रीच्या खाण्या-लघवीशिवाय एक शब्द बोलले नव्हते आणि आता तो विषयही संपला होता.

"जेवलीस का गो?" मी विचारलं.

"नाय अजून."

मी खाली बसले. काकीने दुसरं ताट घेतलं, भात वाढला, वर कांद्यात परतलेली सुकट. वाघी वासाने उठली आणि आमच्या दोघींच्या मधे येऊन बसली. तिच्याकडे बघून माझा हात ताटावरच थांबला.

"तिला नाय," काकी म्हणाली. "तुला वाढलंय. जेव."