साडेतीनच्या ॲव्हरेजची गाडी

माझ्या थोरल्या भावाचे पाच मालट्रक आहेत. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांमधून ओतीव माल भरायचा आणि बेळगाव, हुबळी, पुण्याला पोचवायचा, हा त्याचा धंदा. मी तंत्रनिकेतनात ऑटोमोबाईल शिकवते. त्यामुळे घरात माझी ख्याती अशी की गाडीतलं सगळं हिला कळतं, आणि दादाची खात्री अशी की हिला फक्त फळ्यावरची गाडी कळते. दादाचं फारसं चुकत नव्हतं. इंधनाचा खप हा विषय मी वीस वर्षं शिकवत होते, पण माल भरलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये एकदाही चढले नव्हते.

मागच्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी दादा आमच्याकडे जेवायला आला आणि रश्श्याची वाटी पुढे ओढत म्हणाला, "माझी एक गाडी साडेतीन द्यायला लागलीय."

साडेतीन म्हणजे एका लिटर डिझेलला साडेतीन किलोमीटर. यालाच ट्रकवाले ॲव्हरेज म्हणतात, आणि घरातल्या माणसांच्या तब्येतीपेक्षा या आकड्याची चौकशी जास्त करतात. दादाच्या बाकीच्या चारही गाड्या चार देत होत्या. ही पाचवीही आधी चारच द्यायची.

"कधीपासून?" मी विचारलं.

"जूनपासून. नवा ड्रायव्हर आल्यापासून."

हा नवा ड्रायव्हर म्हणजे पन्नाशी ओलांडलेले, नेसरीकडच्या शेतकरी घरातले गृहस्थ. तीस वर्षं स्टिअरिंगवर काढलेली. दादाच्या मते आता दोनच शक्यता होत्या. एक तर ते गाडी बेफाम पळवत होते, कारण बेळगावला ते बाकीच्यांच्या आधी पोचायचे. नाही तर वाटेत डिझेल काढून विकत होते. दादाने टाकीच्या झाकणाला पितळी कुलूप लावलं होतं आणि किल्ली ऑफिसच्या खणात ठेवली होती. तरीही आकडा साडेतीनच राहिला.

"मग चोरी नाही," मी म्हणाले.

"खालनं पाइप काढत असंल," दादा म्हणाला. एकदा मनात संशय शिरला की कुलूपसुद्धा माणसाच्या बाजूने साक्ष देत नाही, हे मला तेव्हा दिसलं.

दोन दिवसांनी दादाचा फोन आला. ड्रायव्हर ऑफिसात येऊन उभे राहिले होते. गाडी सोडतो म्हणाले, पण चोर असं नाव घेऊन जाणार नाही म्हणाले. कुणालाही माझ्या शेजारी बसवा, दिवसभर बसवा, आणि काय ते बघा, असं त्यांचं म्हणणं. दादाला विश्वासाचं माणूस हवं होतं, आणि फळ्यावरची का असेना, गाडी मला कळत होती. मी एक दिवसाची रजा टाकली.

सकाळी सहा वाजता शिरोलीच्या पंपावर गेले. वही, पेन्सिल, टायरची हवा मोजायचं यंत्र, थर्मास आणि दादाने दिलेली कुलपाची किल्ली असा सरंजाम होता. गाडी कास्टिंगने भरलेली होती आणि आम्ही टाकी काठोकाठ भरून घेतली. परत आल्यावर तिथेच, तशीच काठोकाठ भरायची, म्हणजे नेमकं किती डिझेल लागलं ते कळतं. टायरची हवा तपासली. सगळ्या चाकांत व्यवस्थित होती. ड्रायव्हर हाताची घडी घालून बघत होते. त्यांच्या शर्टाला इस्त्री होती आणि चेहऱ्याला पण.

केबिनमध्ये चढणं हे मला वाटलं होतं त्यापेक्षा अवघड निघालं. पायरी माझ्या कमरेला लागत होती. दोनदा प्रयत्न फसल्यावर ते पलीकडून शांतपणे म्हणाले, "म्याडम, डावा पाय आदी. उजव्यानं चढलासा तर तोंड मागं हुतंय."

डाव्या पायाने चढले. तिसऱ्या खेपेला जमलं.

कागल मागे पडेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मी मीटरवर डोळा ठेवून होते. भरलेली गाडी पन्नासच्या वर न्यायची नाही, असा दादाचा नियम होता. काटा पन्नासला खिळल्यासारखा होता. शेवटी त्यांनीच तोंड उघडलं.

"एक इचारू का? तुमी माझ्यावर नजर ठिवायला आलाय न्हवं?"

"हो," मी म्हणाले. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"बरं झालं," ते म्हणाले. "सरळ बोललासा. आता निवांत बसा की. त्यो आरसा जरा माझ्याकडं करा."

तिथून पुढे आमचं जमलं. निपाणीच्या पुढे तवंदीचा घाट आला तेव्हा मी वर्गात शिकवते ते सगळं एका माणसाच्या हातापायांत बघितलं. चढ लागायच्या पुष्कळ आधी त्यांनी वेग धरला, आणि इंजिन दमायच्या आत गिअर खाली घेतला. मी फळ्यावर यासाठी आलेख काढते. ते नुसता आवाज ऐकत होते.

"आवाज जाड झाला की हात जायाचाच गिअरवर," ते म्हणाले. "पायानं रेटून गाडी चढत न्हाय, ताई. नुसता धूर हुतोय."

म्याडमची ताई कुठल्या वळणावर झाली ते मला कळलंही नाही. उतारावर त्यांनी ब्रेकला जवळजवळ हात लावला नाही, म्हणजे पाय. पुढचं वाहन दूर असतानाच ते गाडी सैल सोडायचे. अशा हातात गाडी साडेतीन देते, हे मला पटेना. आणि चोरीचं तर मनातून निघूनच गेलं होतं.

"बाकीचे ड्रायव्हर कसे चालवतात?" मी विचारलं.

"चांगली चालवत्यात. पर थापाडी हाईत," ते म्हणाले. "पन्नासनं चाललो म्हणत्यात, आणि मी पन्नासनं त्यास्नी मागं टाकून जातोय. सांगा आता. पन्नास म्हंजे पन्नासच न्हवं?"

मी हसले. वाक्य डोक्यात फिरत राहिलं.

संकेश्वरच्या पुढे सरळ रस्ता लागला. बाजूला किलोमीटरचे दगड होते. मी घड्याळ काढलं आणि त्यांना म्हणाले, "काटा पन्नासवर धरून ठेवा. हलू देऊ नका."

पन्नासच्या वेगाने एक किलोमीटर जायला बहात्तर सेकंद लागतात. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत आम्हाला त्रेसष्ट लागली. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. पुन्हा मोजलं. त्रेसष्ट. तिसऱ्यांदा, पुन्हा त्रेसष्ट.

"दगड जवळजवळ लावलेत की काय?" मी म्हणाले.

"सगळंच?" ते म्हणाले.

मग मी वेग सोडला आणि अंतर धरलं. मीटरवरचे किलोमीटर वहीत लिहिले आणि दगड मोजायला लागले. तेही मोजत होते, मोठ्याने. आठ दगड झाले. मीटर सातच पुढे सरकला होता. आणखी आठ मोजले. पुन्हा सात. फोनवरच्या नकाशात बघितलं तर नकाशा दगडांच्या बाजूने होता.

"गाडी बाजूला घ्या," मी म्हणाले.

एका चहाच्या टपरीजवळ त्यांनी गाडी उभी केली. मी वही त्यांच्यापुढे धरली. "डिझेल बरोबर जळतंय. मीटर कमी मोजतोय. तुम्ही आठ किलोमीटर जाता, हा सातच लिहितो."

त्यांनी वहीकडे बघितलं, मग मीटरकडे, मग माझ्याकडे. "म्हंजे माझी गाडी खरं किती देती?"

मी भागाकार मांडून दाखवला. साडेतीनला सातने भागलं, आठने गुणलं. उत्तर चार.

"चार," ते म्हणाले. मग पुन्हा, "चारची गाडी हाय माझी."

"आणि तुमचं पन्नास म्हणजे सत्तावन्न होतं. म्हणून तुम्ही पुढे जात होता. बाकीचे थापा मारत नव्हते."

यावर ते असे हसले की टपरीवाल्याने मान वर केली. हसता हसता डोळे पुसले आणि खाली उतरून पाठमोरे उभे राहिले. कित्येक महिने तो माणूस रोज त्या कुलपाकडे बघत गाडीत चढत होता. मी थर्मास बाजूला ठेवला आणि टपरीचाच चहा सांगितला.

बेळगावला माल उतरवला. तिथे त्यांनी डबा सोडला. ज्वारीची भाकरी, खर्डा, वांग्याची भाजी. मी नको म्हणत होते, पण ऐकतील तर ना. "आमच्या घरच्या मालकीणबाय सकाळी म्हणाल्या, चौकशीला येणारं माणूस बी जेवणारच की. दोन भाकऱ्या जादा बांदल्यात."

दुपार कलताना रिकामी गाडी घेऊन परत शिरोलीत आलो आणि पंपावर टाकी पुन्हा काठोकाठ भरली. मीटरच्या हिशेबाने या फेरीचं ॲव्हरेज चारलाही कमी भरत होतं. नकाशाच्या अंतराने साडेचारच्या आसपास. एका बाजूने रिकामी आलेली दादाची कुठलीही गाडी एवढंच देते.

दादाने ऑफिसात माझी वही घेतली आणि सगळं गणित स्वतः पुन्हा मांडलं. तीनदा. मग विचारलं, "पण आधी हीच गाडी चार द्यायची ना? मीटर मध्येच कसा बिघडला?"

"बिघडला नाही. तू काही बदललंस का त्यात?"

तो खुर्चीत मागे टेकला. मे महिन्याच्या वळवाच्या पावसात त्या गाडीचा मीटर बंद पडला होता. दादाने स्वतः जुन्या बाजारातून दुसऱ्या गाडीचा मीटर हुडकून आणला होता, आणि स्वस्तात मिळाला म्हणून आठवडाभर सगळ्यांना सांगितलं होतं. पुढच्याच आठवड्यात नवे ड्रायव्हर त्या गाडीवर आले.

मीटर बसवणाऱ्या मिस्त्रींना दादाने तिथूनच फोन लावला. तीन पिढ्या गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या घरातले हे वयस्कर चाचा. त्यांचा आवाज फोनमधून मलाही ऐकू येत होता. "मी तवाच म्हणलेलो की, मालक. जोड वेगळी हाय, दुसऱ्या चाकाच्या हिशेबाचा मीटर हाय त्यो, एकदा तपासून घ्या. तुमी म्हणला, काटा फिरतोय न्हवं, बास."

दादाने फोन ठेवला. ड्रायव्हर दारात उभे होते. दादाला माफी मागता येत नाही. लहानपणी त्याने माझी सायकल मोडली तेव्हाही त्याला ती मागता आली नव्हती, नुसता दोन दिवस मला डबलसीट शाळेत सोडत होता. आताही तो उठला, माझ्याकडची किल्ली घेतली, अंगणात गेला, कुलूप उघडलं आणि त्याचा कोयंडाच काढायला लागला. तो पावसाने गच्च बसला होता. मालक टाकीपुढे वाकून घामाघूम होतोय हे ड्रायव्हरना बघवेना. ते पुढे झाले.

"सरा जरा. तेल घालायला पायजे त्यात."

"माझं चुकलं, पावणं," दादा खाली वाकूनच म्हणाला.

"व्हय, चुकलं," ते म्हणाले. "हातोडी द्या."

गाडी सोडायचा विषय पुन्हा निघाला नाही. मिस्त्रींनी मीटर दुरुस्त करून दिला. किलोमीटर कमी दिसत असल्यामुळे ऑइल बदलायची वेळही टळून गेली होती, तेही झालं. आता काटा खरा पन्नास दाखवतो, म्हणजे गाडी पूर्वीपेक्षा हळू चालते, वाऱ्याशी कमी झगडते. महिन्याभरात आकडा चारच्या वर गेला आणि बाकीचे चारही ड्रायव्हर मला फोन करून विचारायला लागले, ताई, आमच्या गाडीत कधी बसताय.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मी नेसरीच्या या ड्रायव्हरना आमच्या तंत्रनिकेतनात बोलवलं. आधी नको म्हणाले, मग इस्त्रीचा शर्ट घालून अर्धा तास आधी हजर झाले. मुलांना त्यांनी घाट कसा चढायचा ते सांगितलं, तोंडाने इंजिनाचे आवाज काढून. एका मुलीने विचारलं, ॲव्हरेज वाढवायचं तर सगळ्यात महत्त्वाचं काय. ते म्हणाले, "लांब बघायचं. ब्रेक मारलासा की मगा जाळलेलं डिझेल वाया गेलं म्हणायचं." मी तेच एका तासिकेत समजावते.

तास संपल्यावर त्यांना प्रयोगशाळा दाखवली. तिथे एक इंजिन मधोमध कापून ठेवलेलं आहे, आणि बटण दाबलं की मोटरवर ते सावकाश फिरतं. पिस्टन वरखाली होतात, झडपा उघडतात, मिटतात. ते त्याच्यापुढे वाकून उभे राहिले.

"खोललेलं इंजिन लई बघितलंय," ते म्हणाले. "पर खोललंय आणि चालतंय बी, असं न्हाय बघितलं. तीस वर्सं ह्येच्यावर बसून हिंडलो."

शिपाई दार लावायला आला होता. त्यांनी त्याला हाताने थांबवलं आणि मला म्हणाले, "ताई, अजून एकदा फिरवा की. जरा हळू."